खाडी आजारी आहे का, ते स्वतः कसं बघायचं (निवट्यांपासून पंचनाम्यापर्यंत)

मेलेल्या माशांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की दोन दिवस सगळे पेटून उठतात, कोणी एमआयडीसीला शिव्या घालतं, कोणी कोळंबीवाल्याला, आणि तिसऱ्या दिवशी अधिकारी येऊन बाटली भरतात तोवर चार-पाच ओहोट्या होऊन गेलेल्या असतात, जे काही पाण्यात होतं ते कधीच समुद्रात निघून गेलेलं असतं. मग महिन्याभराने कागद येतो, नमुना मर्यादेत आहे. आणि गावाकडे उत्तर द्यायला काहीच नसतं, कारण "आधी खाडी चांगली होती हो" याला कागदावर काही किंमत नाही.

म्हणून मी सांगतोय ते सगळं मासे मरायच्या आधी करायचं आहे. एक वही, मोबाईल आणि महिन्यातून दोनदा तास-दोन तास चिखलात फिरायची तयारी एवढ्यावर भागतं. उदाहरणं कोकणातल्या खाड्यांची देतोय कारण मला त्याच माहीत आहेत, गोव्याकडे किंवा कारवारकडे राहणाऱ्यांनी मासळीची नावं आपापली घालून घ्यावीत.

कधी जायचं

सुकतीला, म्हणजे ओहोटी संपून पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा. आणि महिनोन्महिने तीच सुकती धरायची, नाहीतर एकदा भरतीचं पाणी बघितलं आणि एकदा ओहोटीचं तर तुलनाच होत नाही. मी म्हणेन एक फेरी उधाणाला (अमावस्या किंवा पौर्णिमेच्या पुढेमागे) आणि एक भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास. उधाणाला पाणी लांब आत-बाहेर होतं, चिखल भरपूर उघडा पडतो, जीव मोजायला तेच बरं. भांगाला पाण्याची हालचाल कमी, खाडीतली घाण खाडीतच घुटमळत राहते, त्यामुळे पाण्याची तपासणी करायची तर भांगाला करा, खाडीची सगळ्यात वाईट अवस्था तेव्हाच दिसते.

भरतीचं टाइमटेबल मोबाईलवर मिळतंच, पण जुना हिशोब अजून चालतो, तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती, तिथून सहा तासांनी सुकती. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरायचा.

जागा दोन ठरवा, एक संशयाच्या ठिकाणाजवळ (नाल्याचं तोंड, पाइप, कोळंबी प्रकल्पाचा सांडवा) आणि एक त्यापासून लांब, जिथे तसं काही येत नाही. ही दुसरी जागा लोक हटकून विसरतात, आणि पुढे कारखान्याचा माणूस म्हणतो की सगळीकडेच मासळी कमी झाली साहेब, हवामान बदललंय, तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं.

आधी चिखल बघा, पाणी नंतर

पाणी सहा तासांत बदलतं, चिखल लबाडी करत नाही, महिनोन्महिने काय येऊन पडलं ते सगळं त्याच्या पोटात असतं. कोयत्याने किंवा खुरप्याने वीतभर खोल एक काप घ्या आणि बाजूने बघा. बऱ्या खाडीत वरचा थर मातकट, तपकिरी असतो, बोट दोन बोटं जाड, त्याखाली राखाडी मग काळा. हा तपकिरी थर म्हणजे तिथपर्यंत ऑक्सिजन पोचतोय, किडे-खेकडे बिळं करून हवा खेळती ठेवतायत. सेंद्रिय घाण जास्त झाली (सांडपाणी असो की तलावातला गाळ असो) की ती कुजवायला सगळा ऑक्सिजन खर्च होतो आणि काळा थर वर वर सरकतो. अगदी पृष्ठभागापासून काळं आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तिथे तिसऱ्या (चिखलातले खायचे शिंपले) मिळणार नाहीत, वेळ घालवू नका.

इथे एक सांभाळायचं. कांदळवनातल्या चिखलाला थोडा तसा वास असतोच, ते नॉर्मल आहे, म्हणून नुसत्या वासावर जाऊ नका, तपकिरी थराची जाडी पट्टीने मोजून लिहा. काप घेतला की बाजूला पट्टी ठेवून फोटो. सहा महिन्यांचे असे फोटो एका ओळीत लावले की कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

नाल्याच्या तोंडाशी कधी कधी काळ्या चिखलावर पांढुरकं कोळ्याच्या जाळ्यासारखं पातळ काहीतरी पसरलेलं दिसतं, लोकांना वाटतं साबणाचा फेस सुकलाय. ते जिवाणू असतात, चिखलातून जो सडका गॅस सुटतो त्यावर जगणारे. ते दिसले म्हणजे तिथला ऑक्सिजन संपल्यात जमा आहे. आणि काप घेतल्यावर आत फक्त दोऱ्यासारखे बारीक लाल किडे वळवळताना दिसले, दुसरं काहीच नाही, तर तीही तीच खूण, कारण बाकी सगळे पळाले किंवा मेले आणि हे घाणीत मजेत राहणारे तेवढे उरले.

निवट्या मोजा

माझं सगळ्यात आवडतं मीटर हेच. निवटी (चिखलावर उड्या मारणारा छोटा मासा) पाण्याबाहेर येऊन हवेतला ऑक्सिजन घेते, ओल्या कातडीतून आणि गालफडात धरलेल्या पाण्यातून, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला म्हणून ती मरत नाही, चिखलावर टुणटुण उड्या मारत बसते. बोय, तांब, काळुंद्र हे मासे बिचारे पाण्यातच अडकलेले.

आता याचा उपयोग बघा. मासे मेलेत पण निवट्या नेहमीसारख्या उड्या मारतायत, तर बहुतेक ऑक्सिजन संपला. मासे मेलेत आणि निवट्याही मेल्यात किंवा बिळातून अर्धवट बाहेर येऊन लोळतायत, खेकडेपण उलटे पडलेत, तर पाण्यातून विषारी काहीतरी आलंय असं समजायला जागा आहे. तेल आलं तरी निवट्या जातात कारण तवंग अंगाला चिकटतो. हा काही लॅबचा रिपोर्ट नाही पण कुठल्या दिशेने शोधायचं ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

मोजायचं कसं, सुकतीला एका जागी दोन काठ्या रोवून पाचएक पावलांचा चौकोन ठरवा, लांब उभे राहून पाच मिनिटं गप्प राहा (तुम्ही हललात की सगळ्या बिळात) आणि मग डोळ्यांना दिसतात तेवढ्या मोजा. एक नांगी मोठी असलेले ते छोटे रंगीत खेकडे पण मोजून टाका. थंडीत निवट्या कमीच बाहेर येतात, म्हणून डिसेंबरची तुलना डिसेंबरशी करायची, मे महिन्याशी नाही.

तिसऱ्या आणि कालवं

हे जागचे हलत नाहीत आणि दिवसभर पाणी गाळून त्यातलं खातात, म्हणजे पाण्यात जे आहे ते यांच्या अंगात साठतं. कालवांच्या खडकाचा वीतभर चौकोन धरा आणि तीन आकडे लिहा, जिवंत किती, रिकामी टरफलं किती, आणि यंदाची नखाएवढी बारीक किती. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मोठी जुनी कालवं खूप सहन करतात, पण पिल्लावळ पाण्यातून तरंगत येऊन खडकाला धरते ती नाजूक असते, त्यामुळे खडक भरलेला दिसतो, बाया रोज कालवं फोडून आणतायत, सगळं छान चाललंय असं वाटतं आणि बारीक मात्र दोन वर्षं धरलेलीच नसतात. मग एक दिवस खडक रिकामा.

ज्या बाया वर्षानुवर्षं तिसऱ्या काढायला जातात त्यांना विचारा, सुरुवातीला टोपली किती वेळात भरायची आणि आता किती वेळात भरते. हे वहीत तारखेसकट लिहा, नाव लिहायची गरज नाही, मावशीच्या तोंडून जे येईल ते. टोपलीला लागणारा वेळ हा अतिशय चांगला आकडा आहे, शास्त्रज्ञ लोकपण मासळी मोजताना याच पद्धतीने, म्हणजे किती कष्टाला किती माल, असं मोजतात.

खाण्याबद्दल एक पटकन, नाल्याजवळच्या तिसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात दिवस-दोन दिवस ठेवल्या तर पोटातले जंतू बरेच कमी होतात, पण शिसं, कॅडमियम, पारा असलं धातूचं काही असेल तर ते तसं निघत नाही. कारखान्याच्या पाइपाजवळच्या तिसऱ्या सरळ सोडून द्या.

आता पाणी

टीडीएस मीटर आणू नका, खाऱ्या पाण्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. घ्यायचंच तर क्षार मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, कोळंबीवाले वापरतात तो, दोन थेंब टाकून डोळ्याला लावायचा. समुद्राचं पाणी ३५ च्या आसपास दाखवतं (हजारात पस्तीस भाग मीठ), खाडीत आत जाल तसं कमी. त्याच्या जोडीला मत्स्यालयाच्या दुकानातून विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया आणि पीएच यांचं थेंबवालं किट, घेताना खाऱ्या पाण्याला चालतं का हे विचारूनच घ्या, गोड्या पाण्याचं काही किट खाऱ्यात भलतेच रंग दाखवतं.

ऑक्सिजनचे आकडे डोक्यात ठेवा. आपल्याकडच्या उबदार खाऱ्या पाण्यात पूर्ण भरला तरी लिटरला सहा-साडेसहा मिलिग्रॅमच मावतो. आपल्याकडे किनाऱ्याच्या पाण्याचे सरकारी वर्ग आहेत, एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५, त्यात शिंपले आणि मत्स्यशेतीच्या पाण्याला ५ मिलिग्रॅम लागतो, आंघोळीच्या समुद्राला ४. चारच्या खाली मासे कुरकुरतात, दोनच्या खाली जे पळू शकतात ते पळतात आणि बाकीचे मरतात.

आणि हे वाचा नीट: ऑक्सिजन दुपारी मोजून उपयोग नाही. सांडपाण्यात खत असतंच, त्यावर शेवाळ माजतं, ते शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं म्हणजे दुपारी तीनला किट तुम्हाला एरवी मावतो त्याहूनही जास्त, आठ-दहा दाखवेल, वा खाडी किती छान, आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं, उजाडायच्या आधी आकडा दोनवर आलेला असतो. मासे बहुतेक वेळा पहाटेच का मरतात त्याचं कारण हेच. सरकारी नमुने ऑफिसच्या वेळात घेतले जातात, पहाटे पाचला नाही. तुम्ही भांगाच्या पहाटे एक आणि त्याच दिवशी दुपारी एक असे दोन आकडे घ्या (तेव्हा सुकती नसली तरी चालेल, भरती की ओहोटी ते सोबत लिहा), दोघांमधलं अंतर जितकं मोठं तितकी खाडी खताने फुगलेली.

पाणी किती गढूळ ते बघायला स्टीलच्या जुन्या ताटलीवर चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा ऑइलपेंट मारा, मधोमध भोक, दोरी, खाली एक जड नट. होडीतून सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीची गाठ धरून मोजायचं. पावसात आणि उधाणाला कोकणातली प्रत्येक खाडी गढूळच असते त्यामुळे घाबरू नका, भांगाच्या फेरीचे आकडेच एकमेकांशी लावून बघा.

जाता जाता, खाडीत फ्लेमिंगो वाढले म्हणजे पाणी सुधारलं असं पेपरात येतं त्यावर लगेच टाळ्या नकोत. ठाणे खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ ला रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, चांगलंच झालं, पण तिथले लहान फ्लेमिंगो मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातात आणि ते शेवाळ शहराच्या सांडपाण्यावर माजतं. पक्ष्यांची चंगळ आणि त्याच पाण्यातल्या मासळीची वाट लागलेली, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

कोळंबी प्रकल्प शेजारी असेल तर

मी कोळंबीच्या विरोधात नाही, खारजमिनीत भाताला काही उरलं नाही तिथे कितीतरी घरं यावर उभी राहिलीत. पण हिशोब काय होतो तो बघा. एक टन व्हेनामी (तळ्यात वाढवतात ती कोळंबीची जात) काढायला साधारण सव्वा ते दीड टन खाद्य लागतं. खाद्यात प्रोटीन ३५ टक्क्यांच्या आसपास, प्रोटीनमधला १६ टक्के भाग नायट्रोजन, म्हणजे दीड टन खाद्यातून ८४ किलो नायट्रोजन तळ्यात पडला. कोळंबीच्या अंगात त्यातला तीसेक किलो जातो. उरलेला पन्नासएक किलो तळाच्या गाळात, पाण्यात, थोडा हवेत. खाद्य जपून घातलं, सव्वा टनात भागवलं, तर हाच उरलेला आकडा चाळीसवर येतो, म्हणून जो शेतकरी चेक-ट्रे (खाद्य उरलंय का ते बघायला तळ्यात ठेवलेला ट्रे) बघून खाद्य घालतो तो पैसेही वाचवतो आणि खाडीही.

हे सगळं रोज थोडं थोडं येत नाही, मोठा दणका येतो काढणीच्या दिवशी. तळं उपसताना वरचं पाणी बरं असतं, शेवटच्या वीत-दीड वीत पाण्यात तळाचा काळा गाळ ढवळून येतो, तेवढंच पाणी नुकसान करतं. ते खाडीत न सोडता शेजारच्या तळ्यात किंवा चराच्या शेवटी दोन-तीन दिवस निवळायला ठेवलं तर अर्ध्याहून जास्त प्रश्न सुटतो, आणि त्याला खर्च म्हणाल तर जागा आणि थोडा धीर. मोठ्या प्रकल्पांना सांडपाणी शुद्धीकरणाची सोय नियमानेच लागते. छोट्यांनीही करावी असं माझं मत, कारण एका अरुंद खाडीवर एकेक हेक्टरचे वीस जण एकाच आठवड्यात तळी उपसत असतील तर खाडीला त्यांचा सातबारा वेगळा आहे हे समजत नाही.

म्हणून प्रकल्पवाल्याशी आधी ओळख करा. काढणी कधी आहे विचारा, तारीख वहीत लिहा, काढणीच्या आदल्या दिवशी आणि दोन दिवसांनी सांडव्याजवळ अमोनिया आणि ऑक्सिजन मोजा. बहुतेक जण सांगतात, कारण त्यांनाही तेच खाडीचं पाणी पुढच्या पिकाला आत घ्यायचं असतं. दुसऱ्याने सोडलेली घाण तिसऱ्याच्या पंपाने आत, हे त्यांचंही दुखणं आहे, विशेषतः रोगाचं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (नव्वदच्या दशकाच्या मध्यात याने भारतातल्या टायगर कोळंबीचा धंदा झोपवला, आणि २००९ पासून व्हेनामीला परवानगी मिळाली त्यामागे तेही एक कारण होतं) खाडीतल्या चिंबोऱ्यांमधून (खेकड्यांमधून) पण फिरतो. रोग आलेलं तळं निर्जंतुक न करता खाडीत सोडणं हा सगळ्यांशीच केलेला दगा आहे. आणि ब्लीचिंग टाकून निर्जंतुक केलं तर क्लोरिन उडून जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर रोगाच्या ऐवजी क्लोरिन खाडीत. तसंच तळं तयार करताना नको असलेले मासे मारायला चहाच्या बियांची पेंड टाकतात, ती माशांना मारते कोळंबीला नाही, ते पाणी लगेच बाहेर सोडलं तर बोय मेलेल्या दिसतात आणि कोळंबी मजेत, ही पण एक खूण.

डोल किंवा पाग जाळ्यात व्हेनामी यायला लागली (फिकट, पांढुरकी, शेतातली वाटावी अशी) तर तारीख, नग, जागा लिहा. ती मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची, कुठलातरी बांध फुटलाय किंवा जाळी फाटलीये एवढं नक्की. आजूबाजूच्या विहिरी मचूळ व्हायला लागल्या तर त्याचीही वेगळी नोंद.

कागद बघायचे असतील तर, भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आतल्या खाऱ्या-मचूळ पाण्याच्या प्रकल्पाला चेन्नईच्या तटीय मत्स्यशेती प्राधिकरणाची नोंदणी लागते, कायदा २००५ चा, २०२३ ला दुरुस्ती झाली आणि तुरुंगवासाऐवजी दंड आला. हा कायदा येण्यामागे सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर १९९६ चा निकाल होता, त्यात किनारपट्टीतल्या कोळंबी तळ्यांवर कोर्टाने चांगलाच बडगा उगारला होता. व्हेनामीला चौरस मीटरला साठच्या वर पिल्लं टाकता येत नाहीत, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारखी अँटिबायोटिक बंद आहेत. कांदळवन तोडून तळं केलं असेल तर तो वेगळाच विषय, त्याला मुंबई हायकोर्टाचा २०१८ चा आदेश आहे, कांदळवन आणि भोवतीचं ५० मीटर, सरळ कांदळवन कक्षाकडे जा.

शिंपल्यांची आणि कालवांची शेती मात्र यात धरू नका, त्यांना खाद्य घालावंच लागत नाही, उलट ती पाणी गाळतात. सिंधुदुर्गात बायांच्या गटांनी ती करून दाखवली आहे. त्यांना फक्त पाणी चांगलं लागतं, म्हणजे प्रदूषण झालं तर पहिला फटका त्यांनाच.

लगेच बोट दाखवायच्या आधी

मासळी कमी झाली याला दहा कारणं असतात आणि समोरचा वकील त्यातली नऊ काढणारच, तर ती आपणच आधी तपासलेली बरी. सक्शन पंपाने वाळू उपसा चालू असेल तर तिसऱ्यांचा चिखलच निघून जातो. खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बंद राहिली तर आतली मासळी संपते. बारीक आसाची (भोकांची) जाळी गावातलेच लोक लावतायत का. दाभोळ खाडीचं तर आणखी वेगळं, कोयनेचं अवजल वीज बनवून झाल्यावर वाशिष्ठीत येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे वरून गोडं पाणी येत असतं, ते कमी-जास्त झालं की खाडीचा खारेपणा हलतो आणि मासळी पुढे-मागे सरकते, लोटे परशुराम एमआयडीसीच्या सांडपाण्याशी त्याचा संबंध नसतो. दोन्ही गोष्टी एकाच खाडीत घडतात म्हणून रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा प्रत्येक फेरीला लिहायचा.

पहिल्या पावसाचं पण तसंच. चार महिन्यांची गटारं, शेतं, रस्ते धुऊन एकदम खाडीत येतात आणि ऑक्सिजन खाली बसतो, कारखान्याने काही न सोडताही मासे मरू शकतात. आणि त्याच पावसाच्या आडोशाने टाक्या रिकाम्या करणारेही असतात, हे किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा. म्हणून मे अखेर ते जूनचा दुसरा आठवडा या काळात फेऱ्या वाढवा.

रात्री लाटा निळ्या चमकल्या तर ते प्रदूषण म्हणून रिपोर्ट करू नका, तो नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव, थंडीच्या सुमारास कोकणात दिसतो, समुद्रातल्या मोठ्या बदलांशी त्याचा जास्त संबंध आहे. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याचा रंग हिरवट किंवा लालसर दिसला तर मात्र अमोनिया मोजून ठेवा.

मासे मेले, आता पुढचे सहा तास

सगळ्यात आधी वेळ आणि जागा, जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपने फोटो, पाणी कुठल्या दिशेला वाहतंय त्याचा व्हिडिओ (एक नारळाची शेंडी टाकून तिच्यामागे कॅमेरा धरला तरी चालतं). मग मासे बघा. तोंड वासलेलं, कल्ले फुगलेले, मोठे मासे आधी मेलेले आणि बारीक अजून पृष्ठभागावर हापकतायत, वेळ पहाटेची, तर ऑक्सिजन. लहान-मोठे सगळे सरसकट, दुपारी, गोल गोल फिरत किंवा झटके देत मेले, खेकडे-निवट्याही गेल्या, तर विष. शिंगाळा मासा चिवट, त्याचं काय झालं ते वेगळं लिहा.

हातमोजे घाला. पाण्याचे नमुने तीन जागांचे: मेलेल्या माशांमध्ये, पाइपाच्या किंवा नाल्याच्या तोंडाशी, आणि आपली ती लांबची जागा. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये, लगेच बर्फात. पीएच आणि ऑक्सिजन तिथेच मोजा, घरी नेईपर्यंत ते बदलतात. मासे सडलेले घेऊ नका, मरायला टेकलेले चार-पाच घ्या, कीटकनाशकासाठी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, धातूसाठी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत. हे बर्फात ठेवून चोवीस तासांत लॅबला. आणि ते मासे कोणी उचलून बाजारात नेत असेल तर थांबवा, स्वस्तातली मासळी म्हणून पोरांच्या ताटात जाते.

त्याच वेळी दुसऱ्या माणसाने फोन करायचे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय, मत्स्यव्यवसाय विभाग, तहसीलदार, तिघांनाही, आणि फोननंतर लगेच ईमेल, कारण फोनचा पुरावा राहत नाही. तुम्ही भरलेली बाटली कोर्टात मंडळाच्या बाटलीएवढी चालत नाही, १९७४ च्या पाणी कायद्यात नमुना कसा घ्यायचा, कोणासमोर, सील कसं, हे ठरलेलं आहे, म्हणून मंडळाचा माणूस येईल तेव्हा त्याला नेमकी जागा दाखवा, पंचनाम्यात गावातले दोन पंच घाला आणि सही करायच्या आधी वाचा. "काही मासे मृत आढळले" असं लिहिलं असेल तर सही करू नका, जाती लिहा, अंदाजे किलो लिहा, किती लांबीच्या पट्ट्यात ते लिहा, निवट्या-खेकड्यांचं लिहा.

नंतर आरटीआय. पाइप कोणाचा ते माहीत असेल तर त्या कारखान्याचं किंवा सामाईक सांडपाणी केंद्राचं संमतीपत्र आणि त्या महिन्याचे तपासणी अहवाल मागा. अर्जात "सर्व माहिती द्यावी" लिहू नका, तारखा आणि कागदाचं नाव लिहा, नाहीतर मोघम म्हणून परत येतो. मंडळाच्या वेबसाइटवर नद्या-खाड्यांचे महिन्याचे आकडे असतात, तुमच्या खाडीतलं केंद्र कुठे आहे ते शोधा, बरेचदा ते पाइपापासून सोयीस्कर लांब असतं.

हरित लवादाचं पुण्याला खंडपीठ आहे. पर्यावरणाचा वाद म्हणून जायचं तर सहा महिन्यांच्या आत, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. पालघरच्या तारापूर एमआयडीसीचं प्रकरण मच्छीमारांच्या मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये असंच नेलं होतं, आणि २०२२ च्या जानेवारीत शंभरावर कारखाने आणि तिथलं सामाईक केंद्र यांना मिळून शंभर कोटींच्या वर भरपाई भरायचा आदेश झाला. सहा वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

भरपाई मागायची तर घरची मिळकत किती बुडाली ते दाखवावं लागतं, आणि इथेच बहुतेक कोळी कुटुंबं अडकतात, कारण खाडीतली मासळी रोखीत विकली जाते, पावती नसते. सोसायटीत माल घालत असाल तर तिथल्या नोंदींची नक्कल काढून ठेवा. बाजारात बसणाऱ्यांनी रोज रात्री एक ओळ लिहायची, तारीख, कुठली मासळी, किती किलो किंवा किती वाटे, किती पैसे. ज्या दिवशी जाळं टाकून काही मिळालं नाही त्या दिवशीही ओळ लिहायची, शून्य. होडीचा परवाना, जाळ्याची खरेदी पावती, डिझेलची बिलं हे सगळं त्याच पिशवीत, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा महिन्याला फोटो काढून कुणाच्यातरी ईमेलवर पाठवून ठेवायचा, म्हणजे मागाहून लिहिलं असं कोणाला म्हणता येत नाही.